खरड बँड आणि ठमीबायचं आवतण

प्रज्योत घरतबद्दल आमच्या गावात तीन गोष्टी सांगतात. पहिली, जर्मनीत एका गोऱ्या बाईनं त्याला मागणी घातली होती. दुसरी, त्यानं आईचा आवाज परदेशात विकला. तिसरी, त्याला सगळं ऐकू येतं, भावकीच्या बैठकीला बसावं लागू नये म्हणून तो बहिऱ्याचं सोंग घेतो. पहिली मीच सोडली, कबूल करतो. तिशी उलटली तरी पोराचं जमत नव्हतं, म्हटलं निदान बाजारभाव तरी वाढेल. तिसरी साफ खोटी. दुसरीही खोटीच, पण तिच्यात कुसळाएवढं खरं आहे, आणि ते कुसळ अजून सलतं. ते सांगायचं तर आधी त्याचा बँड सांगायला हवा.

न्हावा शेवाच्या बंदरामागं आमचं गाव. पूर्वी इथं मिठागरं होती. मिठागर बंदरात गेलं आणि प्रज्योतचा बाप चांगदेव घरच्या ओट्यावर गेला. बंदर वाढत राहिलं, चांगदेव अजून ओट्यावरच आहे. प्रज्योत बारावीनंतर कंटेनर दुरुस्तीच्या यार्डात लागला. जहाजातून उतरताना, ट्रेलरवर चढताना कंटेनरला पोचे पडतात. आत शिरून ते घणानं ठोकून बाहेर काढायचे, गंज खरडायचा, फाटलेला पत्रा कापून नवा जोडायचा, हे त्याचं काम. चाळीस फुटी लोखंडी पेटीत उभं राहून घण घातला की काय आवाज होतो, हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळणार नाही, आणि ज्यानं रोज ऐकलंय त्याला तुम्ही सांगितलेलं काही ऐकू जाणार नाही.

दोन हजार चौदा साली यार्डात आवाज मोजायला एक तपासनीस आला. सलिल त्याचं नाव. नागावच्या बाजूचा, नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं असं हळू की समोरच्यानं वाकून ऐकावं. अशा माणसाला आवाज मोजायची नोकरी देणाऱ्याची कमाल म्हणायची. त्यानं कंटेनरच्या दाराशी यंत्र धरलं, आकडा बघितला, वहीत लिहिला आणि प्रज्योतला म्हणाला, "कानात बोळे घालत जा, नाहीतर चाळिशीत बहिरे व्हाल." पुढच्या रविवारी तो परत आला. या वेळी हातात यंत्र नव्हतं.

"काय साहेब, मोजायचं राहिलं काय?" प्रज्योतनं विचारलं.

"मोजून झालं. आज नुसतं ऐकायला आलोय."

सलिलनं त्याला समजावलं की जगात या प्रकाराला संगीत म्हणतात. कारखान्यातला आवाज, पत्रा, घण, ग्राइंडर, सगळं फाडून, वाढवून, लोकांसमोर वाजवतात. लोक तिकीट काढून येतात. प्रज्योतनं घण खाली ठेवला. "म्हंजे आमी रोज करतो ते? त्याला टाल्या वाजवतात?"

तिसरा गडी अल्पेश, प्रज्योतचा शेजारी, ट्रेलर चालवणारा. तो आधी गावच्या बेंजो पार्टीत ढोलकं वाजवायचा. ताल सुटतो म्हणून त्याला काढून टाकलं होतं. ज्या बँडला तालच नको तिथं तो पहिल्या दिवसापासून फिट बसला. सलिलनं गाणाऱ्या ग्रीटिंग कार्डातल्या पितळी चकत्या काढून माइकसारख्या पत्र्याला चिकटवल्या, आवाज फाडणाऱ्या चार डब्या स्वतः जोडल्या, आणि घरतांच्या मागच्या अंगणात एक मोडीतला कंटेनर आणून उभा केला. बँडचं नाव ठेवलं 'खरड'. गावानं दुसऱ्याच दिवशी त्याचं 'खरडपट्टी' केलं. त्यात माझा हात नाही.

पहिला कार्यक्रम झाला अल्पेशच्या चुलतभावाच्या हळदीला. दीपेशच्या. अल्पेशनं घरच्यांना सांगून ठेवलं होतं, "नवीन पद्धतीची पार्टी हाय, मुंबईत चालते." आमच्याकडं हळद म्हणजे नुसती हळद नसते. दोनशे माणूस नाचायला येतं, आणि नाचल्याशिवाय जात नाही. संध्याकाळी सात वाजता खरडनं सुरुवात केली. घण, साखळी, ग्राइंडर, मधून ट्रेलरच्या ब्रेकची हवा. दहा मिनिटं झाली, वीस झाली. माणसं एक पाय उचलून तयारीत उभी.

"चेकिंग चाललंय," दीपेशचा मामा सगळ्यांना धीर देत होता. "येवढं चेकिंग म्हंजे साउंड भारी असनार."

"पन ठेका कवा येतंय?"

"येल रं, येल. मुंबईची पार्टी हाय."

चाळीस मिनिटांनी घण थांबला. तिघंही घामानं निथळत होते. मामा उठला, प्रज्योतच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "झालं ना चेकिंग? आता चालू करा."

तरी मी सांगतो, त्या चाळीस मिनिटांतही दोन म्हातारे नाचले. आगऱ्याला हळदीत नाचण्यापासून कोणी थांबवू शकलेलं नाही, तिथं खरड काय थांबवणार.

पुढं मात्र त्यांचं जमलं. मुंबईत एका बंद गिरणीच्या हॉलमध्ये बोलावलं. तिथली पोरं काळे कपडे घालून, डोळे मिटून, देवळात उभी राहावीत तशी उभी. कानात सगळ्यांच्या बोळे. प्रज्योतला ते लागलं. "कानात बोला घालून हे ऐकायचं म्हंजे हातमोजे घालून जेवायचं," तो म्हणाला. स्वतः त्यानं कधीच घातले नाहीत, ना यार्डात ना मंचावर. सलिलनं दहा वेळा सांगितलं. सलिलचा आवाजच असा, की अकराव्यांदा सांगितलं असतं तरी त्याच्यापर्यंत पोचलं नसतं. मग पुण्याच्या एका मुलानं त्यांची कॅसेट काढली. होय, कॅसेट, दोन हजार सोळा सालात. शंभर प्रती निघाल्या आणि संपल्याही. आमच्या वाण्याच्या दुकानात एक ठेवली होती, ती अजून तिथंच आहे. वाणी तिच्यावर वजनाची मापं ठेवतो.

आता ठमीबाय.

ठमीबाय म्हणजे प्रज्योतची आई, आमच्या गावची धवलारीण. आमच्या लग्नाला भटजी येतो, मुहूर्त सांगतो आणि जातो. लग्न खरं लावते ती धवलारीण. मांडव घातल्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा धवला, म्हणजे लग्नगीत, असतो, आणि तो तिच्या तोंडून निघाल्याशिवाय ती गोष्ट झाली असं कोणी मानत नाही. ठमीबायचं आवतण पाच गावांत नावाजलेलं होतं. मांडव उभा राहिला की तांदळानं चौक पुरायचा आणि तिनं त्या घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाला बोलवायचं. नाव घेऊन, जोडीनं, सगळ्यात जुन्यापासून शेवटच्यापर्यंत. घरोघरची नावं तिच्या डोक्यात होती, तिच्या सासूनं तिला तोंडी दिलेली. वही नव्हती. लिहिलं तर तोंडातून जातं, असं ती म्हणायची, आणि खरं सांगायचं तर तिला लिहिता येत नव्हतं.

सलिलनं तिला एका मांडवात ऐकलं आणि तो दोन दिवस गप्प राहिला. म्हणजे नेहमीपेक्षा गप्प. मग तिघं ठमीबायकडं गेले. तुझा आवाज खरडमध्ये घ्यायचाय, आवतण गा.

"मांडवाबिगर मी आवतण गात न्हाय," ठमीबाय म्हणाली. "ज्यांना बोलवीन ते येतील. तुमी बटनं फिरवत बसाल. त्यांना बसा कोन बोलेल?"

मग कंटेनरच्या तोंडाशी चार बांबू रोवले, आंब्याचे टहाळे बांधले, तांदळाचा चौक पुरला. अल्पेशनं स्वतःच्या घरून सतरंजी आणून अंथरली, आणि मग तिच्यावर पाय ठेवायची त्याचीच हिंमत होईना. ठमीबायनं लुगड्याचा पदर सारखा केला, घरतांच्या घराचं आवतण पहिल्यापासून शेवटपर्यंत गायलं, बावीस मिनिटं. तिच्यासमोरचा माइक सरळ आवाज फाडणाऱ्या डब्यांत गेला होता, बाजूनं घण, साखळी, ग्राइंडर, अल्पेशच्या ट्रेलरच्या ब्रेकची हवा, आणि सगळं मिळून एकाच टेपवर. हा खरडचा नियम होता. धुवायचं नाही, पुसायचं नाही, दुसरी प्रत नाही. वाजलं ते वाजलं.

सुरू करण्याआधी सलिल म्हणाला होता, "यांचा नुसता आवाज वेगळा घेऊन ठेवू या का? एकच वायर जास्त लागेल."

"कशाला?" प्रज्योत म्हणाला. "आय घरीच हाय ना."

वायर सलिलच्या पिशवीत होती. पिशवीतच राहिली.

टेप तयार झाल्यावर ठमीबायला ऐकवली. "ही मी हाय? मना वाटलं डंपर मागं घेतायत." सगळे हसले. ती मात्र मग डोळे मिटून ऐकत राहिली, ओठ हलत होते, आणि बाविसाव्या मिनिटाला टेपबरोबर नेमकी थांबली. त्या गोंगाटात तिला स्वतःचा शब्द न् शब्द लागत होता. आम्हाला कोणालाच लागत नव्हता, आणि 'काय गं गायलीस' असं विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

त्या टेपनं खरडला जर्मनीला नेलं. दोन हजार अठरा. लोखंड ओतायच्या जुन्या कारखान्यात कार्यक्रम होता. प्रज्योत स्वतःचा घण घेऊन गेला, आणि विमानतळावरच्या माणसानं विचारलं, हा कशाला, तर म्हणाला, वाजवायला. टेप वाजवली, वर घण घातला. संपल्यावर एक बाई पुढं आली, त्याचा हात धरून रडायला लागली. तिच्या गावात जहाजं बांधायचे, तो कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून तिनं हा आवाज ऐकला नव्हता. माझ्या अफवेतली गोरी बाई ती हीच. वय बहात्तर. मी वय सांगितलं नव्हतं, एवढंच.

परत आल्यावर प्रज्योतच्या डाव्या कानात शिट्टी सुरू झाली. पनवेलच्या डॉक्टरनं सांगितलं, वरचे आवाज गेलेत. पाखरं, घड्याळ, कुकर, बोलण्यातले स, श, त, च. राहिलंय ते जपायचं असेल तर यार्ड सोड आणि बँडही सोड. यार्ड सुटण्यासारखं नव्हतं. बँड त्याला सोडवेना. मग करोना आला, आणि सोडायचा प्रश्नच राहिला नाही.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये ठमीबाय चार दिवसांत गेली. दवाखान्यात आत कोणाला सोडत नव्हते. सरणाशी चार माणसं होती. पाच गावांत हजारएक लग्नं लावलेल्या बाईला शेवटी एक ओळ गायला कोणी नव्हतं. प्रज्योतनं त्यानंतर कंटेनरला कुलूप घातलं. सलिल नागावहून यायचा, ओट्यावर चांगदेवशेजारी बसायचा, चहा प्यायचा, जायचा.

प्रज्योतची धाकटी बहीण कल्पिता. मालाची कागदपत्रं सोडवणाऱ्या ऑफिसात कामाला, बोलायला फटाकडी. ठमीबाय तिला नेहमी म्हणायची, "बस गो माज्या बाजूला, धवल्याच्या दोन वली तरी तोंडात घाल." आणि ही म्हणायची, "आये, तू यूट्यूबवर टाक ना, मग शिकते." मी कानांनी ऐकलंय. तेव्हा मीही हसलो होतो.

दोन हजार तेवीसच्या दिवाळीच्या सुमारास तिचं लग्न ठरलं, पेणच्या मितेशशी. डिसेंबरात मांडव. दागिने, साड्या, हॉल, जेवण, सगळ्यावर बायकांची रणधुमाळी चालू असताना ती भावासमोर येऊन बसली आणि एकेक शब्द सुटा करून, त्याला ओठ दिसतील अशी बोलली. "दादूस. मना बाकी काय नको. मांडवात आयला आवतण पायजे. आयला, नि तिच्या आधीच्या सगल्या बायांना."

शेजारच्या गावाहून केसरबायला बोलावलं. म्हातारी, पान खाणारी, पण गळा शाबूत. ती म्हणाली, "सूर माज्याकडं हाय. नावं तुमी द्या. दुसऱ्याच्या घरची मानसं मना कशी ठावं?"

चांगदेव ओट्यावरून उठला. एवढंच सांगतो, की तो उठला. आतून मिठागराच्या भूसंपादनाचे कागद घेऊन आला. त्यात घरतांच्या पाच पिढ्या होत्या, वारस म्हणून, शिक्क्यासकट, ओळीनं. हाशा, जोमा, पोशा, नामा, धाया. पाच पुरुष. बायको एकाचीही नाही.

"बायांची नावं?" कल्पितानं विचारलं.

"माजी आय धुरपी. आजी सोनी." चांगदेव थांबला. "त्याच्या म्होरं… आजी म्हनायचे, मोठी आजी म्हनायचे. नाव कोन घेतं बायांचं?"

ठमीबाय घ्यायची. ती एकटीच घ्यायची. सोनीच्या आधीच्या तीन बायांची नावं तिच्याबरोबर गेली होती, आणि आता जगात एकाच जागी होती. त्या टेपवर.

सलिल कॉम्प्युटर घेऊन आला. हल्ली आवाज साफ करायची साधनं निघालीत. त्यानं गोंगाट पुसायला लावला. गोंगाट पुसला गेला आणि त्याच्याबरोबर ठमीबायही पुसली गेली. सात तऱ्हांनी करून पाहिलं. सलिलनं चष्मा काढला आणि पुसत बसला. "मीच जोडल्या होत्या त्या डब्या," तो म्हणाला. "आवाज आणि गोंगाट एकजीव व्हावा, अशाच जोडल्या होत्या."

मग प्रज्योतनं कंटेनरचं कुलूप काढलं. यार्डातून सुटला की तो आणि कल्पिता संध्याकाळी आत बसायचे, दोघांच्या कानांवर हेडफोन. त्यांची एक रीत बसली. प्रज्योतला शब्द लागत नव्हते, पण त्या बावीस मिनिटांतला प्रत्येक आपटा त्याचा स्वतःचा होता. कुठं घण, कुठं साखळी, कुठं पत्रा थरथरून शांत होतो, हे त्याला पाठ होतं. कल्पिताचे कान चांगले, पण तिला नुसता कल्लोळ ऐकू यायचा. तो बोट वर करायचा. "आता घन. एक. दोन. तिसऱ्याच्या मागं आय हाय. ऐक."

"काय तरी… आं… बी."

"परत."

"आंबी? गोंबी?"

"परत."

त्याला लागावं म्हणून तो आवाज पूर्ण चढवायचा. डॉक्टरनं काय सांगितलं होतं, ते कल्पितानं एकदा आठवण करून दिलं. त्यानं ऐकू न आल्यासारखं केलं. नंतर नंतर ते करावं लागेना.

अकराव्या दिवशी 'आंबी' पक्कं झालं. प्रज्योत धावत ओट्यावर आला आणि बापासमोर ओरडला, "आंबी! पोशाची बायको आंबी!" चांगदेवनं डोक्यावरची टोपी काढली. "आंबी," तो स्वतःशी म्हणाला. मग परत एकदा, जरा मोठ्यानं, जणू अंगणात कोणी उभं आहे. त्या दिवशी घरात खाडीचे चिवणे मासे आणले, आणि मीही जेवायला होतो.

उरल्या दोघी. एकीच्या नावावर अल्पेशच्या ट्रेलरच्या ब्रेकची हवा होती, अख्खे सहा सेकंद. अल्पेशला हे कळलं तेव्हा तो आठवडाभर घरतांच्या दारावरून गेला नाही, मागच्या बांधावरून फिरून जायचा. दुसरीच्या नावावर ग्राइंडर होता. चार सेकंद. शंभर वेळा ऐकून झाल्यावर कल्पितानं हेडफोन काढले. "इथं काय पन न्हाय, दादूस. नुसता ग्राइंडर."

"तो मीच लावलेला," प्रज्योत म्हणाला. "तिथं आयचा सूर असा वर गेला ना, की मना ऱ्हावलं न्हाय. वाटलं, आपन पन वर जावं."

कल्पितानं त्याचे हेडफोन काढून घेतले आणि उशीखाली नेऊन ठेवले. त्यानं मागितले नाहीत. मांडवाला तीन दिवस उरले होते, आणि त्याच्या उजव्या कानातही आता शिट्टीशिवाय काही नव्हतं.

मांडवाच्या आदल्या दिवशी केसरबायला सांगितलं, दोन नावं मिळाली नाहीत. ती पान चघळत म्हणाली, "मग तिथं 'नि सगल्या बाया' असं बोलते. चालतं."

"सगल्या बाया म्हंजे कुनीच न्हाय," कल्पिता म्हणाली.

प्रज्योत त्यांचे ओठ बघत होता. तो म्हणाला, "तिथं टेप लावतो. तेवढाच तुकडा."

"माज्या गल्यात यंत्र घालतंस रं?" केसरबाय भडकली. "धवला हाय का गिरनी?"

"नाव त्यात हाय, केसरबाय. आपल्याला लागत न्हाय. जिचं हाय तिला लागंल."

 केसरबाय कोपऱ्यात जाऊन थुंकून आली, आणि त्याला दिसेल अशी दोन बोटं वर केली, दोन नावांना किती वेळ? त्यानं सहा बोटं दाखवली, मग चार. "बरं," ती म्हणाली. "पन मी हात करीन तवा. आधी न्हाय."

सकाळी दहा वाजता मांडव उभा राहिला. पेणची माणसं खुर्च्यांवर बसली होती, चहा फिरत होता. केसरबायनं चौक पुरला आणि आवतण उचललं. हाशा आणि… तिनं हात केला. प्रज्योतनं टेप सोडली. सहा सेकंद अशी हवा फुटली की पेणच्या एका काकांच्या हातातली कपबशी खाली आली आणि कुठंतरी एक मूल भोकाड पसरून रडायला लागलं. केसरबायच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. जोमा आणि… परत हात. ग्राइंडर.

"साउंड फुटला! बंद करा, बंद करा!" मितेशचा चुलता कमलेश उठला आणि प्लगकडं धावला. अल्पेशनं मधेच त्याला मिठी मारली. दोघं झोंबत होते, एक ओढतोय, एक सोडत नाही, आणि अल्पेश सारखा म्हणत होता, "चार सेकंद, पाहुणे, चारच सेकंद." प्रज्योतचा जीव त्या प्लगमध्ये अडकला. तो तिकडंच बघत राहिला. टेप पूर्ण वाजली, पण कमलेशला खाली बसवेपर्यंत अल्पेशला वेळ लागला, आणि प्रज्योतनं मान वळवली तेव्हा केसरबाय पोशाची आंबी, नामाची सोनी, धायाची धुरपी घेऊन पुढं गेली होती. बायका चौकावर तांदूळ टाकत होत्या. चांगदेव टोपी छातीशी धरून उभा होता.

  

"आयचं नाव बोलली?" प्रज्योतनं कल्पिताला विचारलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. अख्ख्या मांडवानं ऐकलं.

कल्पितानं मान हलवली. हो. केसरबाय 'ठमी' म्हणाली. चांगदेवची ठमी. मी तिथंच होतो, स्पष्ट म्हणाली, आणि सूर असा लावला की माझ्यासारख्याचीही चेष्टा करायची हिंमत झाली नाही.

कल्पितानं त्याच्याकडं बघून खूण केली, परत म्हणायला सांगू? केसरबायही थांबली होती, तयार होती.

"नको," प्रज्योत म्हणाला. "आली असंल ती. आलेल्या मानसाला परत हाक मारली, तर तिला वाटंल आपन तिला पाह्यलंच न्हाय."

केसरबायनं पुढचा धवला उचलला. नवरीच्या डोक्यावर पदर घ्यायला हवा होता, आणि त्यासाठी कोणीतरी कल्पिताला भावाच्या खांद्यावरून उठवायला हवं होतं. बायका थांबल्या. एक कडवं जास्त गायल्या, मग आणखी एक.